पिना मी सरळ केल्या

थांबा, आधी हे ऐका. ताट वाढलेलं आहे, आई हाक मारून गेली, तरी हे आत्ताच्या आत्ता लिहून टाकते, कारण आमच्या घरात एक खोटी गोष्ट जन्माला आलीय आणि ती रोज मोठी होतेय. इथे जळगावात, तिकडे धुळ्यात, मधे अमळनेरच्या आत्याकडेसुद्धा सगळे सांगत सुटलेत की आमच्या आबांनी सोनाराच्या चिमट्याने माझा कॉम्प्युटर दुरुस्त केला.

नाही केला. मी केला. आबांनी तो बिघडवला होता.

आता नीट सांगते.

आबा म्हणजे माझे आजोबा. आयुष्यभर सोन्याचं काम केलं. आता हात थरथरतो म्हणून दुकान बंद केलं, पण पुढच्या खोलीत त्यांचं बुटकं टेबल अजून तसंच आहे. त्यावर चिमटे, कानशी, भिंग, ब्रश. गल्लीतल्या बायका अजूनही कानातल्याचा वाकलेला आकडा घेऊन येतात आणि आबा तो हातात घेऊन बसतात, मग होवो न होवो.

आणि मी म्हणजे ती, जिने कॉलेजला लागल्यावर सांगितलं की मला तयार कॉम्प्युटर नको, मी स्वतः जोडणार. सुटे भाग आणणार, बसवणार, चालू करणार. लगेच धुळ्याच्या काकांचा फोन. काका म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ, आमच्याकडे कुठलीही वस्तू आली की आधी त्यांचं मत येतं.

"लॅपटॉप घे सरळ. जोडाजोडी काय करतेस? मिक्सर दुरुस्त करता येतो का तुला?"

"नाही येत."

"मग?"

"मग काय, मिक्सर कुठे जोडतेय मी."

शेवटी ठरलं असं की मी जोडायचं, पण काका रविवारी येतील तोवर चालू झालं पाहिजे. नाही झालं तर सगळे भाग खोक्यात भरून काका धुळ्याला त्यांच्या ओळखीच्या माणसाकडे नेणार, आणि पुन्हा त्याचं झाकण मी उघडायचं नाही. कधीच नाही. पप्पासुद्धा हो म्हणाले. मला हेच लागलं. मशीन मिळणारच होतं हो, पण माझं राहणार नव्हतं.

सामान आलं. आईने सगळ्या खोक्यांना हळद-कुंकू लावलं. मी आबांच्या टेबलावरच पसारा मांडला, कारण उजेड तिथे चांगला. प्रोसेसरची छोटी डबी उघडली आणि आबा पुढे सरकले. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू म्हणा. बिस्किटापेक्षा लहान चौकोनी तुकडा, आणि त्याच्या पोटाला केसांसारख्या बारीक पिनांचं जंगल. सोनेरी.

आबा घरात अहिराणीच बोलतात. म्हणाले, "हाई काय शे व? सोनं शे का?"

"मुलामा आहे आबा. नुसता नावाला."

"मुलामा बी सोनानाच ऱ्हास ना."

मी हसले आणि हात धुवायला आत गेले. एवढंच झालं. हे लक्षात ठेवा, मी आत गेले होते.

मग जोडायला बसले. प्रोसेसर त्याच्या जागी बसवला. तो जरा कुरकुरत बसला. पहिल्यांदाच करत होते, मला काय माहीत किती कुरकुर बरोबर आणि किती नाही. वरती पंखा, मग रॅम, मग वायरी. पप्पा दारात उभे. मी बटण दाबलं.

पंखे फिरले. निळे दिवे लागले. आई म्हणाली, "झालं की गं." आणि स्क्रीन काळी. काळी म्हणजे काळीच. "सिग्नल नाही" एवढं एक वाक्य आलं आणि तेही झोपी गेलं.

काकांना कोणीतरी लगेच कळवलं. घरात हेर आहेत. फोन आला, "पंखा छान फिरतो म्हणे. बरं झालं, उन्हाळ्यात उपयोगी पडेल."

ते वाक्य ऐकलं आणि मी ठरवलं, आता हे चालू झाल्याशिवाय मी उठत नाही.

रॅम काढली, परत लावली. एकच पट्टी लावून पाहिली. मग ती दुसऱ्या खाचेत. स्क्रीनची केबल बदलली. स्क्रीन टीव्हीच्या डब्याला लावून पाहिली, स्क्रीन ठणठणीत. पॉवरच्या वायरी सगळ्या उपटून परत खोचल्या, त्या नादात बोट कापलं. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढून परत घातली, असं केलं की जुनी सेटिंग पुसली जाते. मग सगळं कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडलं, म्हणजे पत्र्याला कुठे चिकटून शॉर्ट होत असेल तर कळेल. काहीच नाही. मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक बारीक लाल दिवा मात्र दरवेळी लागायचा, आणि तो ज्या शब्दाशेजारी होता तो शब्द प्रोसेसरचा होता.

मी प्रोसेसर काढायला घाबरत होते. खरं सांगते. सगळं केलं आणि तेवढं टाळलं. शेवटी काढला. उलटा केला. एका कडेच्या काही पिना आडव्या झालेल्या. गव्हाच्या वावरातून कोणी चालत गेल्यासारख्या.

मी तो डबीत घातला, स्कूटी काढली आणि बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने डबी उघडली, बघितलं, डबी बंद केली.

"हा संपला ताई. वॉरंटीत पण बसत नाही, हाताने वाकवलेला आहे."

"सरळ करता येत नाही?"

"तुटतात. कोणी करत नाही. कोणाला तरी दाखवून जोडायचं होतं ना. पप्पांना पाठवा, दुसरा देतो."

"पप्पांना का पाठवू? मशीन माझं आहे."

तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी डबी उचलली. रस्ताभर डोकं तापलेलं, आणि वर ऊन. तोवर मला पण वाटत होतं की मीच वाकवल्या. माझीच कुरकुर.

घरी येऊन आबांच्या टेबलावर बसले. त्यांचं भिंग डोळ्याला लावलं, जवळून तरी बघू म्हटलं. आणि दिसलं. पिनांच्या मधे लाल बारीक पावडर, आईने डबीला लावलेलं कुंकू. आणि दोन पिनांच्या मधे अडकलेली एक पिवळी तार, अगदी केसाएवढी. ती तार मी लहानपणापासून ओळखते. आबा ज्याने दागिने घासतात ना, त्या पितळी ब्रशची.

"आबा," मी म्हटलं, "यावर ब्रश मारलात?"

आबा पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही. "कुकू लागेल व्हतं त्याले. म्हनीसन जरासा ब्रश मारा व्हता मी."

"कधी?"

"तू हात धोवाले गई व्हती तवय."

"रिठ्याचं पाणी तर नाही ना लावलं?"

आता पेपर खाली आला. "नही व. इजनी वस्तूले कोन पानी लावस?"

मला रडू येत होतं आणि हसू पण. या माणसाने आयुष्यभर सोनेरी दिसणारी प्रत्येक वस्तू घासूनच परत दिलीय. माझीही दिली. पण घरात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आबांवर सगळे ओरडले असते, आणि मशीन धुळ्याला गेलंच असतं. मी म्हटलं, चिमटा द्या. सगळ्यात बारीक.

आबा टेबलाशी आले. चिमटा दिला, आणि हातात सोनं तापवायचा दिवा पण घेतला.

"गरम कर जरा. मंग सरळ व्हस."

"आबा, हे सोनं नाही. गरम केलं तर मरेल."

"थंडी तार तुटस."

"तुटली तर तुटली. हात मागे घ्या."

मी आबांना असं कधी बोलले नव्हते. त्यांनी हात मागे घेतला.

खोलीतला कूलर बंद केला, धूळ नको म्हणून. घाम भिंगावर पडत होता. आधी ती तार काढली. मग एकेक पिन. एका झटक्यात उभी करायची नाही. थोडी उचलायची, थांबायचं, आडवं धरून रांगेशी जुळते का बघायचं, परत थोडी. एक पिन अशी काही लचकली की मला वाटलं गेली. राहिली. आबा शेजारी बसून नुसते माझ्या हाताकडे बघत होते आणि पहिल्यांदाच काही सुचवत नव्हते.

प्रोसेसर खाचेवर ठेवला. दाबावंच लागलं नाही. आपल्या वजनाने आत गेला, कुरकुर नाही की काही नाही. तेव्हा कळलं की बरोबर बसणं कसं असतं. पेस्ट, पंखा, रॅम, वायरी. उठून स्क्रीन लावली, बटण दाबलं. लाल दिवा लागला, विझला. आणि स्क्रीनवर अक्षरं. हार्ड डिस्कमध्ये काही नाही, पुढे काय करू, असं विचारणारी. मला त्याहून गोड प्रश्न कोणी विचारलेला नाही.

आणि नेमके तेव्हाच काका दारात.

त्यांना काय दिसलं? मी पलीकडे स्क्रीनपाशी उभी. आणि टेबलाशी आबा, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात चिमटा. बिचारे जागेवर ठेवत होते.

"वा आबा," काका म्हणाले. "शेवटी तुम्हालाच हात घालावा लागला."

फोन निघाला, फोटो निघाला, घरच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलं, "जुना हात तो जुना हात." आत्याने नमस्काराचे हात पाठवले. मी लिहिलं की पिना मी सरळ केल्या. त्याखाली चुलतभावाने हसणारं तोंड टाकलं.

पुढचे दिवस तर विचारू नका. गल्लीतून एकजण आबांकडे इअरफोन घेऊन आला. एक काकू चार्जर घेऊन आल्या. आबा भिंग लावून चार्जरकडे बघत बसले. मी म्हटलं, "आबा, सांगा ना सगळ्यांना." ते म्हणाले, "सांगसू ना." आणि चार्जर उलटा करून परत बघायला लागले. त्यांना आवडत होतं. बऱ्याच दिवसांनी टेबलासमोर माणसं बसत होती. म्हणून मी गप्प बसले. पण मला ते आवडत होतं असं नाही.

आणि आज सकाळी काका गाडीच्या मागच्या सीटवर स्वतःच्या घरचा कॉम्प्युटर घालून धुळ्याहून आले. चालूच होत नाही म्हणे, नुसता टीं टीं वाजतो. आबांच्या टेबलावर ठेवला. "आबा, जरा तुमचा हात फिरवा."

आबांनी भिंग लावलं. आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग काढून ठेवलं.

"माले यामा काही समजत नही. तिना पिना मी वाकाडेल शेतस. सरळ तिनी करेल शेतस."

झालं, मी म्हटलं, सुटले. तर काका हसले. "आबा, नातीचे किती लाड कराल."

ऐकलंत? आबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तरी ते लाड. आबा पण चिडले. टेबलावरून उठले आणि माझ्याकडे बोट केलं. "हाई झाकन ती उघाडी. नही ते मंग ली जाय परत."

काका चहा प्यायला आत गेले. मी झाकण उघडलं. रॅमच्या पट्टीचे पाय काळे पडलेले. खोडरबराने घासले, परत लावली. चालू झाला. लगेच. त्यात काही शौर्य नाही, रॅम खोडरबराने घासतात हे खूप जणांना माहीत असतं.

पण काकांना मी सांगितलेलं नाही. मी तो चालू केला, बघितलं, आणि परत बंद करून ठेवलाय. काकांना म्हटलं, ग्रुपवर लिहा, माझा प्रोसेसर कोणी दुरुस्त केला ते. लिहिलंत की तुमचा चालू होईल. ते म्हणाले, ही काय ब्लॅकमेलगिरी आहे. मी म्हटलं, हो. आबा पेपरमागे हसताहेत, पेपर हलतोय. काका सोफ्यावर फोन हातात धरून बसलेत, अंगठा वर धरलाय, टाइप करत नाहीयेत. मी इथे जेवण सोडून टाइप करतेय. बघू कोणाला आधी भूक लागते.

तुमच्याकडे झालंय का असं? तुम्ही काहीतरी स्वतःच्या हाताने जोडलं, चालू केलं, आणि फोटो दुसऱ्याचा निघाला? मग तुम्ही काय केलंत? लवकर सांगा, काकांनी अंगठा खाली आणलाय.