बारा गावचं आभाळ

बारा गावचं पाणी प्यालेली माणसं पुष्कळ असतात. कंग्राळीच्या शामू पावशेनं बारा गावचं आभाळ पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे कसं, तर कुस्तीच्या मैदानात मातीला पाठ टेकून, समोरच्या पैलवानाच्या खांद्याआडून जेवढं दिसेल तेवढं. हिंडलग्याचं आभाळ निळंशार, निपाणीचं जरा धुरकट, आणि मच्छ्याचं तर त्याला बघायलाच मिळालं नाही, कारण तिथं अंगावर पडलेला गडी सव्वाशे किलोचा होता. हे सगळं शामू स्वतःच सांगे, आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतः हसून घेई. लोक हसणारच आहेत, तर आपण आधी हसलेलं बरं, एवढी अक्कल त्याला पडून पडून आली होती. गावानं 'आस्मान शामू' हे नाव ठेवलं तेव्हा, बारसं झालंय म्हणून पेढे त्यानंच वाटले.

त्याची शेवटची कुस्ती निपाणीला झाली. झाली म्हणजे सुरू झाली आणि झाली. हलगीवाल्याला हलगी शेकायलासुद्धा सवड मिळाली नाही. शामू अंग झाडत उठला. निवेदकाचा घसा बसला होता आणि तो बिचारा पाणी पीत होता. शामूनं त्याच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाला, "मंडळी, ज्यांचं लक्ष न्हवतं त्यांनी हळहळू नगासा. फुडल्या वर्षीबी माझी कुस्ती हीच हुणार हाय!"

मैदान हसून हसून लोळलं. कंग्राळीच्या तालमीचे वस्ताद आण्णाप्पा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "शामू, तुझी जीभ चालतीया, पाठ चालत न्हाय. आजपासनं पाठीला सुट्टी दे."

तेव्हापासून शामू निवेदक झाला. एरवी मच्छ्याच्या कारखान्यात लेथवर उभा, आणि जत्रांचे दिवस आले की फेटा बांधून मैदानात माईक घेऊन उभा. कुणाचा डाव कुठला, कोण कुणाचा पठ्ठ्या, सगळं त्याच्या जिभेवर. फक्त मैदानाचा एक रिवाज तो काटेकोर पाळी. निकाल लागला की जिंकणाऱ्याचं नाव घ्यायचं, त्याच्या बापाचं, गावाचं, तालमीचं, वस्तादाचं घ्यायचं, आणि तालमीच्या हलगीवाल्या भरमानं हलगी कडाडून सोडायची. पडलेल्याचं नाव मात्र पुन्हा उच्चारायचं नाही. तो आपली कापडं उचलतो आणि गर्दीतून निघून जातो. त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं माणसाला वाटत असतं, आणि हे शामूइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

त्याचा मुलगा स्वरूप तालमीत वाढला, पुढं लष्करात भरती झाला, आणि तिथं कुणीतरी त्याचे खांदे बघून त्याला रग्बीत घातलं. बघता बघता पोरगं पुण्याच्या व्यावसायिक संघात गेलं. देशातल्या मोठ्या शहरांचे संघ, टीव्हीवर सामने, सगळा थाट. शामूला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण 'मला कळत नाही' हे वाक्य निवेदकाच्या तोंडी शोभतं का? कुणी विचारलं की तो ठोकून देई, "कुस्तीच की ती! निस्त्या पंधरा जोड्या एकदम लावायच्या, आणि मधी नारळागत चेंडू सोडायचा."

पुण्याचा संघ पहिल्या चारांत आला आणि प्लेऑफ सुरू झाले. अंतिम सामन्यात जायला आता एकच सामना, चेन्नईशी. गावानं तालमीसमोर मोठा पडदा लावला. टीव्हीवरचा माणूस इंग्रजीत बोलत होता, त्याचा आवाज बंद केला आणि माईक आणून शामूच्या हातात दिला. घरचा निवेदक असताना परक्याचं कशाला ऐकायचं? बायका एका अंगाला बसल्या, त्यात पुढंच शामूची बायको मालुबाई. भरमा हलगी शेकून तयार. शेजारचा युवराज मोबाईल उभा धरून सगळं टिपत होता. त्या पोराला जेवतानाचासुद्धा व्हिडिओ काढायची खोड होती.

"आनि चेंडू आला कंग्राळीच्या ढाण्या वाघाकडं!" शामूनं गळा सोडला. "स्वरूप निघाला! स्वरूपला आडवंल कोन? स्वरूप..."

दोघांनी आडवलं. एकानं कमरेला मिठी मारली, दुसऱ्यानं छातीवर धडक दिली, आणि स्वरूपची पाठ सगळ्या गावादेखत जमिनीला टेकली. भरमानं हलगीवर उगारलेली काडी तशीच राहिली.

"शामू," आण्णाप्पा वस्ताद खुर्चीतून म्हणाले, "पोरगं चीत झालं की रं. संपली कुस्ती."

"संपली न्हाय वस्ताद. चाललीय अजून."

"पाठ टेकली न्हवं?"

"टेकली."

"मग?"

शामूनं माईकसकट पडद्याकडं बोट केलं. पडद्यावर स्वरूप उठला, पळाला, पुन्हा चेंडू घेतला आणि पुन्हा पडला. परत उठला, परत पडला. जणू पडायचीच नोकरी लागलीय! मागून कुणीतरी ओरडलं, "बापाचंच घरानं हाय, आभाळ बघालतंय!"

लोक हसले. आणि शामूचं काय चुकलं म्हणाल, तर सवय. लोकांच्या आधी हसायची सवय. तो माईकमध्येच खिंकाळला आणि म्हणाला, "मंडळी, आमच्या घरात आभाळाची आवड पहिल्यापासनंच हाय! पोरानं वारसा चालिवलाय!" मग तर हशाचा धबधबा झाला. मालुबाई तेवढी हसली नाही. त्यानंतर शामूनं रिवाज पाळला. पडलेल्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. बाकी चौदा जणांची नावं घेतली, चेन्नईवाल्यांची घेतली, पंच कसा टापटीप आहे तेही सांगितलं. स्वरूपचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. सामना पुण्यानं जिंकला तेव्हा गावाला आनंद झाला, पण अर्धवट. एवढं पडून माणूस जिंकतो कसा, हे कुणालाच उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वरूपचा फोन आला.

"आप्पा, युवराजनं व्हिडिओ पाठिवलाय. सगळा बघितलो."

"व्हय? बरं झालतं का निवेदन?"

"लई बरं झालतं. पंचाच्या बुटाचंबी कौतिक केलासा. माझं नाव निस्तं सुरवातीला घेतलासा, मग न्हाईच."

शामू चाचरला. "अरं, तू पडालतास... पडलेल्याचं नाव..."

"पडायचं, हेच माझं काम हाय तिथं!" स्वरूपचा आवाज चढला. "फुडं कायबी न्हाय, निस्ती मान्सांची भिंत. तिच्यात घुसायचं, दोघं-तिघं अंगावर घ्यायचे, आनि पडता पडता चेंडू मागं ठेवायचा, आपल्या मान्साकडं. त्यो उचलून पळतोय. मी पडलो न्हाय तर त्येला वाट कुठनं मिळंल? तुमी तुमच्यावर हसा की, आप्पा. जल्मभर हसलासा. मला कशाला घेतलासा त्यात? फायनलला तुमी माईक धरू नगासा."

फोन बंद झाला. शामूनं हातातला घास ताटात परत ठेवला. मालुबाईनं ताटात भाकरी टाकली आणि एवढंच म्हणाली, "बराबर बोललं पोरगं." तिच्याकडून दुसरं काही ऐकायची शामूची लायकीही नव्हती.

दोन दिवस कारखान्यात त्याचं लक्ष लागलं नाही. पडता पडता चेंडू मागं ठेवायचा, हे त्याला पटत नव्हतं. पडणं हा आपला प्रांत, त्यातलं आपल्याला माहीत नाही असं काय असणार? तिसऱ्या दिवशी तो नारळ घेऊन तालमीत गेला आणि भरमाला म्हणाला, "मी ह्यो नारळ घेऊन पळत येतोय. मला आडवा कर."

भरमा म्हणाला, "शामाण्णा, वय काय, करतासा काय?"

"पडायला वय लागत न्हाय गड्या. ये."

भरमानं धडक दिली. शामू पडला, ते तर त्याला झोपेतही जमायचं, पण नारळ हातातून उडाला आणि थेट आण्णाप्पांच्या पायाशी गेला. दुसऱ्या खेपेला शामूनं नारळ गच्च पोटाशी धरला आणि त्याच्यावरच आपटला. बरगडीत अशी कळ आली की आई आठवली. तिसऱ्या खेपेला नारळ मागं ठेवायचा म्हणून हात वळवला, तर तोंड मातीत. आण्णाप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

शामू मात्र या वेळी आधी हसला नाही. मातीत तसाच बसून राहिला. इतकी मैदानं पडलो, त्याच्या मनात आलं, पण पडताना डोक्यात काय असायचं? आपली पाठ, आपली लाज, आणि लोकांच्या आधी हसायला काय बोलू, एवढंच. पडताना मागच्या माणसाचा विचार करायचा असतो, हे आपल्याला कधी सुचलंच नाही. आपण निव्वळ पडलो. पोरगं पडून कामाला येतंय. आणि त्याला आपण भर माईकवर आपल्या पंगतीला बसवलं! त्याला स्वतःची अशी चीड आली की त्यानं नारळ तिथंच फोडला. आण्णाप्पांनी खोबरं खाल्लं.

अंतिम सामना रविवारी संध्याकाळी होता, भुवनेश्वरशी. शामूनं सकाळी स्वरूपला फोन लावला. तो त्यानं उचलला नाही. मग त्यानं युवराजच्या मोबाईलवरून निरोप बोलून पाठवला, "माईक धरतोय. एवढ्या डाव धरू दे. चुकलो तर जल्मात परत धरणार न्हाय." निरोपावर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. शामू बरगडीला हळदीचा लेप लावून, फेटा बांधून पडद्यापाशी उभा राहिला. माईक चालू आहे का ते त्यानं तीनदा फुंकून बघितलं.

चेंडू स्वरूपकडं आला. मागची मंडळी तोंडावर हात ठेवून तयारच होती.

"आता स्वरूप पडणार!" शामूनं आधीच सांगून टाकलं. "मुद्दाम पडणार! मान्साकडं बघू नगासा मंडळी, चेंडूकडं बघा!"

स्वरूप पडला. गावानं चेंडूकडं पाहिलं. तिघांच्या ओझ्याखालून एक हात बाहेर आला आणि त्यानं चेंडू अलगद मागं ठेवला. मागच्या गड्यानं तो उचलला आणि मोकळ्या अंगानं पळत सुटला.

"आरारारा!" आण्णाप्पा खुर्चीच्या कडेवर आले. "ह्यो तर डाव हाय!"

"डावच की वस्ताद! पडायचा डाव!"

मग स्वरूप जेव्हा जेव्हा पडला, तेव्हा तेव्हा शामूनं त्याचं नाव घेतलं. पडला स्वरूप! ठेवला चेंडू स्वरूपनं! बायकासुद्धा ओरडायला लागल्या. कधी नव्हे ते कंग्राळीत लोक एका माणसाच्या पडण्याची वाट बघत होते.

अगदी शेवटी पुणं थोडक्यात मागं होतं. रेघ हाताच्या अंतरावर होती. तिथं चेंडू टेकवला की सामना खिशात. स्वरूप भिंतीत घुसला, दोघं अंगावर आले, तो पडला आणि चेंडू जिथं हवा तिथंच ठेवला. मागच्या गड्यानं उचलला, झेप घेतली, आणि ऐन रेघेवर चेंडू त्याच्या हातून निसटला. शिट्टी वाजली. संपलं.

भुवनेश्वरवाले नाचायला लागले. "शामू," आण्णाप्पा हळूच म्हणाले, "जिंकल्यांचं नाव घे आनि माईक ठेव."

शामूनं भुवनेश्वरचं नाव घेतलं, मोकळ्या मनानं घेतलं. पण माईक ठेवला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात स्वरूप दिसत होता. ज्याच्या हातून चेंडू निसटला तो पोरगा तोंड झाकून बसला होता, आणि स्वरूप त्याला काखेत हात घालून उठवत होता.

"मंडळी, रिवाज मोडतोय, माफी असावी," शामू म्हणाला. "पडलेला गडी, स्वरूप शामराव पावशे. गाव कंग्राळी. तालीम हीच. वस्ताद आण्णाप्पा."

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पोराचं पुरं नाव घेताना मधे बापाचं आलं होतं. इतक्या मैदानांत इतक्या वेळा पाठ टेकली, पण पडल्यावर एकाही निवेदकानं ते नाव कधी घेतलं नव्हतं. आज घेतलं गेलं, ते त्याच्याच तोंडून. सवयीप्रमाणं तो काहीतरी विनोद करायला गेला. पण माईक तोंडापासून खाली आला.

आण्णाप्पा भरमाकडं वळले. "बघालास काय रं? वाजीव की!"

भरमानं हलगीवर काडी मारली. हरलेल्यासाठी हलगी वाजताना गावानं पहिल्यांदा ऐकली. शामू माईक छातीशी धरून उभा होता आणि डोळे फेट्याच्या शेमल्याला पुसत होता. तेवढ्यात बायकांतून मालुबाई ओरडली, "अवं, आता तरी बंद करा की त्यो माईक! नाक वडल्यालं सगळ्या गावाला ऐकू येतंय!"

युवराजनं तेवढंही टिपलं आणि स्वरूपला पाठवून दिलं.