अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि खालचे बापट काका

पोळीभाजी केंद्रात किस्से साठवायला वेगळा डबा लागत नाही. दोन बायका समोरासमोर लाटायला बसल्या की हात पोळीवर आणि तोंड गावभर! डोंबिवलीत मी आणि मंदावहिनी मिळून केंद्र चालवतो. मागच्या वर्षी माझ्या ऋतुजासाठी पियानो शोधायला लागलो, तेव्हापासून आमच्याकडे पोळ्यांपेक्षा पियानोच्या गोष्टीच जास्त निघतात. मी चौथी शिकलेली. पियानोतलं मला काही कळत नव्हतं. पण समोरचा बनवतोय का, हे मला शाळेत न जाताही कळतं.

*

सुरुवात झाली ऋतुजाच्या परीक्षेपासून. पोरगी तेरा वर्षांची. घरी एक खेळण्यातला वाटावा असा कीबोर्ड. त्याचं आवाजाचं बटण आम्ही कायम अगदी खाली ठेवायचो. कारण खालच्या मजल्यावरचे बापट काका. रिटायर्ड, एकटे, आणि हातात काठी. काठी चालायला नाही, छताला ठोकायला! पोरीनं सूर धरला की खालून ठक ठक.

परीक्षा ठाण्याला होती, खऱ्या लाकडी पियानोवर. त्याच्या पट्ट्या जड. हिची बोटं नुसती वरून फिरली, निम्मे सूर उमटलेच नाहीत. परीक्षेचे सर म्हणाले, "लाउडर, प्लीज."

पोरीनं पियानो डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला, खाली वाकून बघितला. मग म्हणाली, "सर, आवाजाचं बटण कुठंय?"

सर हसले. बाहेर बाकावरची पोरं हसली. ऋतुजा नापास झाली, ते एक वेळ चाललं असतं. पण त्या दिवसापासून ती कुणाच्या देखत वाजवेचना!

तिच्या फर्नांडिस मिस मला म्हणाल्या, "जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, पूर्ण अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा. नाहीतर पुढच्या परीक्षेला मी हिला बसवणार नाही."

*

माझी भिशी लागलेली, तेवढंच बजेट. मी आणि मंदावहिनी टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानात गेलो. सेल्समन टाय लावलेला. आम्हाला बघून त्यानं सगळ्यात चकचकीत पेटी पुढं केली.

"मॅडम, यात सहाशे आवाज आहेत. बासरी, व्हायोलिन, पाऊस, कुत्रा..."

मी म्हटलं, "कुत्रा बिल्डिंगखाली फुकट आहे. मला एकच आवाज पाहिजे. पियानोचा."

मग तो स्वतः वाजवायला बसला. काय वाजवलं! डोळे मिटून, मान हलवून. मंदावहिनी तर टाळ्या वाजवायला लागल्या. तेवढ्यात मालकानं हाक मारली, हा उठून गेला, आणि पियानो आपला चालूच!

मंदावहिनी ओरडल्या, "अहो भाऊ, बोटं इथंच विसरलात!"

*

दुसरं दुकान कल्याणला. तिथं मी ठरवूनच गेलेले, की कोण काय सांगतं ते ऐकायचं नाही, बोटांना विचारायचं. वीस वर्षं रोज परात भरून कणीक मळते. सैल कुठली, घट्ट कुठली, हे डोळे झाकून सांगेन.

मी डोळे मिटले आणि एकेक पट्टी दाबत गेले. पहिला पियानो हलका, पिठात पाणी जास्त झाल्यासारखा. दुसरा कडक, तेल न लावलेला. तिसऱ्यावर थांबले. डावीकडं जड, उजवीकडं जावं तशी हलकी. सावकाश दाबली तर गप्प, जोर दिला तर मोठ्यानं बोलते. एकदम पाच-सहा पट्ट्या धरून ठेवल्या, तर एकही सूर मधेच गिळला नाही.

"हा बरोबर आहे," मी म्हटलं.

दुकानदार खुर्चीतून उठला. "बरोबर ओळखलंत मॅडम! या तिघांत हाच सगळ्यात खऱ्या पियानोसारखा. तुम्ही शिकवता कुठं?"

"मी पोळ्या करते!"

किंमत ऐकली आणि त्याच पोळ्यांकडं परत आले.

*

मग आमच्या ह्यांनी मोबाईलवर जाहिरात शोधली. तस्साच पियानो, जुना, विठ्ठलवाडीला. बंगला बघून मी दारातच चप्पल दोनदा पुसली. मालक मूळचे तिथलेच, भातशेतीच्या जागेवर आता त्यांच्या तीन बिल्डिंगा. हॉलमध्ये पियानो, त्यावर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरावर क्रिकेट टुर्नामेंटच्या सतरा ट्रॉफ्या!

मी विचारलं, "वाजवतं कोण?"

"कोनीच नाय. पोराच्या हलदीला आनलेला, स्टेजवर शोभा म्हनून."

खरंच, मधल्या चार पट्ट्या अजून पिवळ्या होत्या! मी पदरानं पुसल्या, डोळे मिटले, दाबल्या. कणीक बरोबर होती. पण भाव माझ्या भिशीच्या वर. मी घासाघीस करतेय, तर ते डोकं खाजवत म्हणाले, "ताई, पैशाचं सोडा. पियानो नेलात तर माझ्या ट्रॉफ्या कुठं ठेवू?"

मंदावहिनींनी क्षणात सौदा केला, भिशीचे पैसे आणि वर ट्रॉफ्यांना एक टेबल. आता आमचं पोळ्या लाटायचं जुनं सागवानी टेबल विठ्ठलवाडीच्या बंगल्यात सतरा ट्रॉफ्या मिरवतंय, आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून लाटतो!

*

पियानो घरी आला. ऋतुजानं पहिलं काय केलं? हेडफोन लावला. रोज संध्याकाळी सात वाजता बसायची, दार लोटून, कानात आवाज बंद करून. आम्हाला नुसती बोटं दिसायची.

मिस वैतागल्या. "परीक्षेत सर ऐकणारच ना! त्यांना काय हेडफोन देणार?"

आठवड्यानं बापट काका काठी घेऊन वर आले. "रोज सात वाजले की माझ्या डोक्यावर सुपारी कोण फोडतं?"

मी म्हटलं, "पियानो आहे, काका. जड पट्ट्या आहेत, खाली आपटतात."

"मग आवाज कुठंय?"

"आवाज तिच्या कानात, आपटणं तुमच्या डोक्यात. वाटणी केलीय!"

काका पुटपुटत गेले. मी स्टँडखाली गोधडी घातली. तरी ठकठक थोडी राहिलीच. नवल म्हणजे त्यांची काठी मात्र थांबली.

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरगी पियानोला शिवेना. "मी नाही जात, परत हसतील." मी रागावले, गोड बोलले, परत रागावले. हेडफोन हातात घेऊन नुसती बसून राहिली.

सव्वासात झाले आणि खालून काठी. ठक ठक. ठक ठक ठक.

माझं डोकंच फिरलं! तशीच पिठाच्या हातांनी खाली गेले. काकांनी दार उघडलं तेव्हा काठी हातातच होती.

"काका, पियानो बंद आहे! आता कसला त्रास होतोय तुम्हाला?"

"बंद आहे तेच विचारतोय," काका म्हणाले. "सात वाजून गेले. ती बसली का नाही अजून? काल तिची शेवटची ठकठक सारखी अडखळत होती."

मी तशीच मागे फिरले. वर आले, ऋतुजाला काका म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं.

तिनं हेडफोनची पिन उपटून बाजूला ठेवली, आणि आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.