पडवीतली रोपं

हॉस्टेलवर असताना मला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. आमच्या घराच्या पडवीत शेत उगवलंय. हिरवं, ओलं, गुडघ्याएवढं, आणि त्याच्या शेजारी मी गोधडीत झोपलेय. भिंतीपलीकडे पाऊस आणि नाकात मुळांना चिकटलेल्या मातीचा वास. एवढंच. पुढे काही घडायचं नाही. जव्हारच्या शाळेत, नाशिकच्या कॉलेजात, पुण्यात पीएचडी करताना, सगळीकडे हे स्वप्न माझ्याबरोबर आलं. मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीनंतरचं संशोधन करते. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावलं की त्याच्या आत कोणती जनुकं चालू होतात, कोणती बंद होतात आणि हे चालू-बंद कोण करतं, हा आमचा विषय. माझ्या वाट्याला माती येत नाही, आकडे येतात. पानाचा तुकडा कुणीतरी नळीत घालून आणतं, दुसरं कुणी तो यंत्रातून वाचतं, आणि माझ्यापर्यंत पोचते ती आकड्यांची एक न संपणारी ओळ. दिवसभर मी त्या ओळींमध्ये फिरत असते. कधीकधी संध्याकाळ झालेली कळतसुद्धा नाही.

आईला मी हे काम असं समजावलं होतं. घाटाच्या वळणावरून संध्याकाळी आमच्या जवळच्या खोडाळा गावाकडे पाहिलं की दिवे दिसतात. घरं रोज तीच, पण कुणाचा दिवा लागलाय आणि कुणाचा नाही, ते रोज वेगळं. बाजाराच्या दिवशी एक तऱ्हा, लग्न असलं की दुसरी. रोपाच्या आतही तसंच असतं. दिव्यांचं बटण कोण दाबतं, ते मी शोधते.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वायरमन दाबतो. तेवढ्यासाठी पुण्याला कशाला जायचं?"

आमच्या नमुन्यांपैकी बहुतेक सरकारी शेतावरचे होते. एक संच मात्र आमच्या उताराच्या शेतातला होता, मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या पलीकडचा, आईनं राबात, म्हणजे रोपं वाढवायच्या भाजलेल्या वाफ्यात, टाकलेल्या नागलीचा. तो घ्यावा म्हणून मीच आमच्या गटाच्या प्रमुख मॅडमच्या मागे लागले होते. आमच्या घरातून बाहेर शिकायला गेलेली पहिली मी. माझ्यामागून आमची नागली यावी, तिचं कुठेतरी छापून यावं, असं मला फार वाटत होतं. मागच्या जुलैत नमुने घ्यायच्या आठवड्यात मी तापानं पुण्यात पडून होते, म्हणून एक सहकारी जाऊन आली. लावणीच्या अगदी आधी एकदा आणि लावणीनंतर काही दिवसांनी एकदा पानं घ्यायची, असा नियम होता. तिनं तो काटेकोर पाळला.

आकडे हाती आले तेव्हा मी त्यांचं चित्र काढलं. त्यात प्रत्येक रोपाचा एक ठिपका. ज्या रोपांच्या आतले दिवे सारखे, ते ठिपके जवळजवळ. डावीकडे लावणीआधीच्या रोपांचा घोळका, उजवीकडे लावणीनंतरच्या रोपांचा. आमची लावणीनंतरची रोपं शहाण्यासारखी उजव्या घोळक्यात जाऊन बसली होती. पण लावणीआधीची? ती पार वरच्या कोपऱ्यात, भावकीशी भांडून लांब घर बांधल्यासारखी. त्यांच्यात पाणी तुटल्यावर लागतात ते दिवे लागलेले होते. भर पावसात, मोखाड्याच्या उतारावर, पाणी तुटलेलं!

"नळ्या बदलल्या असतील, नाहीतर पेटीतला बर्फ वितळला असेल," मॅडम म्हणाल्या. "काढून टाक हे."

"मॅडम, ते आमच्या शेतातले आहेत."

"म्हणून तर सांगतेय. दुसऱ्या कुणाचे असते तर तू केव्हाच काढले असतेस."

त्या कधीच आवाज चढवत नाहीत. मी पहिल्यांदा संस्थेत आले तेव्हा इंग्रजीत बोलताना अडखळायचे, तर त्या सगळ्यांसमोर मुद्दाम मराठीत प्रश्न विचारायच्या. त्यांचं म्हणणं खरं होतं हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, लावणीला घरी जाऊन येते, मग काढते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाटातून नळ्यांची छोटी पेटी काढून दिली. "रिकाम्या हातानं जाऊ नकोस. पानं न सडता राहतील असं पाणी आहे यात. बर्फ लागत नाही."

मी पेटी घेतली ती त्यांचं मन राखायला. नव्या पानांनी जुने ठिपके कसे हलणार होते?

त्र्यंबकच्या पुढे एसटी धुक्यात शिरली. खिडकीबाहेर काही नव्हतं. मधूनच एखादं सागाचं झाड जवळ यायचं आणि विरून जायचं. कंडक्टरनं मोखाडा म्हणून हाक दिली तेव्हा मला वाटलं, अजून कुठेच पोचलो नाही आपण. जुलैमध्ये मी घरी असणार होते ती चौथीनंतर पहिल्यांदाच. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मी हॉस्टेलवर जायचे. पुन्हा घर दिसायचं ते दिवाळीत, नागली कापून झाल्यावर. आमच्या शेताची लावणी मी मोठेपणी कधी पाहिलीच नव्हती.

घरी पोचले तर दार उघडं आणि आत कुणी नाही. मी पडवीत पाय ठेवला आणि थांबले.

पडवीत शेत होतं.

भिंतीला टेकवून, एकीला एक लागून, नागलीच्या रोपांच्या मुठी, हातात मावतील अशा जुड्या, उभ्या केलेल्या. हिरव्या, पण जराशा मान टाकलेल्या. मुळांना माती तशीच. तोच वास. मी बॅग खाली ठेवली आणि गोधडी असायची त्या जागी भिंतीला टेकून बसून राहिले. स्वप्न तसंच्या तसं पुढ्यात होतं आणि मी जागी होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाहेर पाऊस थोडा कमी झाला, मग वाढला.

आई आली ती डोक्यावर प्लास्टिकचा कागद आणि कोपरापर्यंत चिखल घेऊन. तिच्यामागे शेजारची काकी.

"अगं बाय, आली पण! आणि ओल्यात काय बसली? रोपांना राखण?"

"आई, ही कधी उपटली?"

"आज दुपारी. उद्या लावायची."

"आणि मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी पण अशीच. दरसाल अशीच."

काकी हसली. "पुण्याला शिकून आली न् नागली कशी लावतात ते विचारतेय."

"आजच का नाही लावत?"

"बाया किती? पाच," आई म्हणाली. "आज उपटायची, उद्या लावायची. उद्या आमची, परवा काकीची." मग पाय धुता धुता, जणू काही विशेष नाही अशा सुरात, तिनं पुढे जोडलं, "आणि उपटल्या उपटल्या लावलं तर रुसून बसतं. एक रात पडवीत पडलं की राब विसरतं. मग निमूट धरतं जमीन."

सरकारी शेतावर गडी पुष्कळ. तिथं रोपं सकाळी उपटली की तासाभरात लागतात. आमची सहकारी नियमाप्रमाणे लावणीच्या अगदी आधी आली होती आणि तिनं बांधावर आणलेल्या मुठींमधली पानं घेतली होती. त्या मुठी आदली रात्र आमच्या पडवीत काढून आल्या आहेत, हे तिनं विचारायचं काही कारण नव्हतं आणि आईनं सांगायचंही. रात्रभर मुळांना पाणी नाही, म्हणून दिवे लागलेले. रोप तहानेचं रान पार करून आलेलं होतं.

मला एकदम जव्हारच्या वाटेवर राहणारी मावशी आठवली. पाचवीत मला शाळेत घालायला आई निघाली तेव्हा तिनं मला थेट हॉस्टेलवर सोडलं नव्हतं. एक रात्र आम्ही मावशीकडे राहिलो होतो. ना घर, ना शाळा. मी खूप रडले होते आणि सकाळी मात्र रडले नव्हते.

"आई, म्हणून मला मावशीकडे ठेवलंस का गं? शाळेत घालायच्या आधी?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "गाडी चुकली होती," ती म्हणाली. "शेवटची."

काकीला हसू आवरेना.

आमच्याकडे मोबाईलला रेंज मिळते ती वरच्या मोहाच्या झाडापाशी. मी तिथं छत्री धरून उभी राहिले आणि मॅडमना सगळं सांगितलं. मोठ्या आवाजात, भराभर, एकही वाक्य धड न संपवता. त्या ऐकत होत्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हा पुरावा नाही, ही गोष्ट आहे. एक शेत, एक वर्ष. ते ठिपके या पेपरमधून वगळायचेच."

"हो, मॅडम."

"ते चुकीचे आहेत म्हणून नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे म्हणून." मग आवाज बदलला. "राबात अजून उभी रोपं आहेत का कुणाची?"

"काकीची आहेत. उद्या उपटतील."

"आणि पेटी?"

"आहे."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस?"

खाली येऊन मी कंदिलाशेजारी, कारण वीज गेली होती, लॅपटॉप उघडला आणि आमच्या शेताचे ठिपके काढले. एका ओळीचं काम. चित्र पुन्हा आखलं गेलं. दोन घोळके, नीटनेटके, वरचा कोपरा मोकळा. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. "आपली कुठली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आता यात नाही. "बरं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. मला वाईट वाटलं, ते खोटं सांगणार नाही. पडद्याकडे पाहिलं की तो मोकळा कोपराच आधी दिसायचा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आमच्या पडवीतल्या मुठींमधून पानांचे तुकडे घेतले, मग काकीच्या राबात गेले. उभ्या रोपांची पानं घेईपर्यंत बाया चिखलात कंबरेवर हात ठेवून थांबल्या.

"झालं का? का एकेकाचं बारसं करायचंय?" काकी म्हणाली.

"झालं, काकी. आता उपटा."

त्या संध्याकाळी काकीच्या मुठी तिच्या पडवीत उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्याजवळ पेटी घेऊन बसले. अंधार पडण्याआधी एकदा पानं घ्यायची, उजाडताना पुन्हा. आमच्या प्रयोगात आजवर दोनच जागा होत्या, लावणीआधी आणि लावणीनंतर. नळ्यांवर तेवढंच लिहायचो. मी पेनाचं टोपण काढलं. रोपांच्या माना हळूहळू झुकत होत्या. आत कुठेतरी दिवे लागायला सुरुवात झाली असेल, मला दिसत नव्हते. पहिल्या नळीवर मी लिहिलं: पडवी.