हे-सातवरचं प्यादं

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तेहतीस वर्षं काढलेल्या बाईंना घरीदारी सगळे फोनबाईच म्हणत. एकसष्टाव्या वर्षीही त्यांचा आवाज खणखणीत होता. "वॉर्ड नंबर सहा, थांबा, जोडून देते," हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल याचा हिशेब नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्या आवाजाला काम उरलं नाही. दूधवाल्याशी बोलून बोलून किती बोलणार! घरात यजमान होते, पण ते निवृत्त मेकॅनिक, हातात पाना आणि तोंडात शब्दकोड्यातली पेन्सिल. त्यांचं उत्तर बहुतेक वेळा 'हं' एवढंच.

एके दिवशी मासिक बदलायला त्या वाचनालयात गेल्या आणि काउंटरवर उभं राहून कुणाला तरी पत्ता समजावून सांगत होत्या, तेवढ्यात ग्रंथपालबाई जवळ आल्या.

"फोनबाई, तुम्ही बोलता ते अख्ख्या वाचनालयाला ऐकू जातं."

"अगं बाई, चुकलंच माझं. हळू बोलते."

"तक्रार नाही करत. काम आहे तुमच्याकडे."

काम असं होतं की वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी नकाशे ठेवत, तिथे एक रेकॉर्डर आणून ठेवला होता. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी पुस्तकं वाचून ठेवायची. गोष्टीची पुस्तकं वाचायला तीन-चार जण तयार होते. पण एका वाचकाने मागितलेलं पुस्तक हातात घेतलं की प्रत्येक जण ते खाली ठेवून पाणी प्यायला निघून जाई. ते बुद्धिबळाचं पुस्तक होतं.

मागणारे गृहस्थ घड्याळजी. बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर पट मांडायचा, असा त्यांचा पस्तीस वर्षांचा क्रम. मग काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधलं. दोन वर्षांत सगळं संपलं. डावाचा शेवट कसा करावा यावरचं दोन भागांतलं पुस्तक त्यांनी घेतलं होतं. पहिला भाग त्यांना पाठ होता. दुसरा भाग घेऊन घरी आले तेव्हा छापील अक्षर दिसायचं बंद झालं होतं. सहा वर्षं तो भाग दुकानाच्या पिशवीतच होता.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," फोनबाई म्हणाल्या.

"हॉस्पिटलात तुम्हाला औषधं कळत होती का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. "तरी निरोप पोचवत होतात ना?"

हे पटलं. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते एक, असं ठरलं. फोनबाईंनी पहिल्याच आठवड्यात चौदा पानं वाचून टाकली, मोठ्या थाटात, स्वल्पविरामाशी थांबत, पूर्णविरामाशी श्वास घेत. ते ऐकून पुढल्या शुक्रवारी घड्याळजी काठी टेकत स्वतः आले. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात अजूनही भिंग.

"बाई, आवाज फार छान आहे तुमचा," ते म्हणाले. "फक्त एक विचारू? आकृती पहिलीशी तुम्ही म्हणता, 'चित्रात पाहा.' मी कुठे पाहू?"

फोनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घड्याळजी हसत होते. त्यांनी पिशवीतून आपला पट काढला. त्याची काळी घरं जराशी उंच होती, पांढरी खोलगट, आणि प्रत्येक घराला मधोमध भोक. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणीएवढी टोकं. "हात लावा," ते म्हणाले. फोनबाईंनी डोळे मिटून हात फिरवला आणि दहा मिनिटांत त्यांना राजा कोणता, वजीर कोणता, उंट कोणता हे बोटांनी कळलं. घरांची नावंही कळली. डावीकडून उजवीकडे ए, बी, सी, डी असे आठ उभे पट्टे आणि खालून वर एक ते आठ आकडे. आकृती आली की आधी पांढरे मोहरे सांगायचे, मग काळे. कोण कोणत्या घरात, बस्स.

त्याप्रमाणे चौदा पानं पुन्हा वाचली. पुढच्या शुक्रवारी घड्याळजी पुन्हा हजर.

"आता काय चुकलं?"

"तुमचं नाही, इंग्रजांचं चुकलं. बी, डी, जी, सी, ई, सगळी एकाच चालीची अक्षरं. रस्त्यावरून ट्रक गेला की हत्ती बीवर आहे का डीवर, काही कळत नाही. काल माझा उंट चुकीच्या रंगाच्या घरात तासभर उभा होता."

फोनबाई एकदम खुलल्या. हे दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं! बोर्डावर 'बी वॉर्ड' आणि 'डी वॉर्ड' यांच्या गोंधळात एकदा एका नव्या बापाला अभिनंदनाऐवजी हाडांच्या डॉक्टरांशी जोडून दिलं होतं. त्यावर उपाय एकच, अक्षराला शब्द लावायचा. घरी येऊन त्या कागद घेऊन बसल्या. शब्द असा हवा की कुणी विसरूच शकणार नाही. नात्यापेक्षा पक्कं काय आठवतं माणसाला?

"ए म्हणजे आत्या," त्या मोठ्याने म्हणाल्या. "बी बहीण. सी सासू. डी दीर."

"ई?" शब्दकोड्यातून मान वर न करता यजमानांनी विचारलं.

"आई. शेवटी ई आहेच की. आणि जी जावई."

"एफ राहिला."

एफला नातंच सापडेना. फ वरून सुरू होणारं माणूस घरात कोण? यजमान म्हणाले, "फटकळ. म्हणजे तूच. नाहीतर सरळ फोनबाई घाल." तेच घातलं. उरला एच. फोनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव न घेता ज्या एका शब्दावर संसार निभावला तो शब्द समोरच खुर्चीत बसला होता.

"एच म्हणजे 'हे'!"

"मी अगदी कडेला?" यजमान म्हणाले.

"मग घरात तरी कुठे मध्ये असता?"

घड्याळजींनी यादी ऐकली आणि मांडीवर थाप मारली. त्यानंतर त्या मागच्या खोलीतून जे ऐकू येई ते ऐकून वाचक दचकत. "हत्ती सासूच्या घरी जातो आणि दिराला शह देतो." ग्रंथपालबाईंनी शेवटी दारावर 'बुद्धिबळ चालू आहे' अशी पाटी लावली.

काम वेगाने सुरू झालं. आठवड्याला वीस पानं. वाचता वाचता फोनबाईंच्या डोक्यात आपोआप पट उभा राहू लागला. भाजी चिरताना त्या मध्येच थांबत. "पण घोडा मागे का घेतला नाही?" असं स्वतःलाच विचारत. यजमान म्हणत, "हं."

आणि मग सराव क्रमांक सत्तेचाळीस आला.

त्यात मोहरे मोजकेच होते. फोनबाईंनी वाचलं होतं ते असं: पांढरा राजा दीर-सात, घोडा फोनबाई-चार, प्यादं आत्या-सहा. काळा राजा आत्या-आठ, प्यादं आत्या-सात. खाली एकच ओळ: 'पांढऱ्याची खेळी. पांढरा जिंकतो.' उत्तरं पुस्तकाच्या शेवटी होती. ती अजून वाचायची होती.

एक मंगळवार घड्याळजी आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. पुढच्या शुक्रवारी आले ते दाढी वाढलेली, पण चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचं तेज.

"बाई, पुस्तक चुकलंय."

"अगं बाई! कुठे?"

"सत्तेचाळीस. अकरा दिवस बसलोय त्याच्यावर. जेवताना बसलो, अंघोळीत बसलो, सुनेने ताट दोनदा गरम केलं. पांढरा जिंकूच शकत नाही. काळा राजा कोपऱ्यात. पांढऱ्याने राजा जवळ आणला की काळ्याला शह नाही, पण हलायलाही घर नाही. मग डाव बरोबरीत. राजा जवळ आणला नाही तर काळा राजा इकडून तिकडे फेऱ्या मारत बसतो. घोडा कुठूनही आणा. मी सगळं तपासलंय." त्यांनी खुर्ची ओढली. "मला प्रकाशकाला पत्र लिहायचंय. तुम्ही लिहून घ्या. नम्रपणे, पण ठाम."

फोनबाईंना त्यांचा अभिमान वाटला. डोळे नसताना या माणसाने छापील पुस्तकातली चूक पकडली! त्यांनी कागद घेतला. 'माननीय महोदय' लिहिलं. पान क्रमांक घालायचा म्हणून पुस्तक उघडलं आणि आकृतीवर नजर टाकली.

उजव्या कडेला, वरून दुसऱ्या ओळीत, एक काळं प्यादं उभं होतं.

पुस्तकाची बांधणी घट्ट होती. नीट उघडं राहत नसे, म्हणून वाचताना त्या उजव्या अंगठ्याने पान दाबून धरत. अंगठ्याखाली नेमकं ते घर गेलं होतं.

क्षणभर त्यांच्या मनात आलं, पत्र लिहून टाकावं आणि पाठवूच नये. पण तेहतीस वर्षांत चुकीचा निरोप दिल्यावर त्या कधी गप्प बसल्या नव्हत्या. उलटा फोन करायचा आणि सांगायचं, ही शिस्त.

"घड्याळजी," त्या म्हणाल्या. खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "पुस्तक बरोबर आहे. मी चुकले. एक प्यादं सांगायचं राहिलं."

काठीच्या मुठीवर घड्याळजींची बोटं आवळली.

"अकरा दिवस," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"सुनेशी भांडलो मी त्यापायी."

"काय बोलू? तोंड दाखवायला जागा नाही."

"तोंड मला तसंही दिसत नाही." हे ते रागानेच म्हणाले, पण म्हटल्यावर त्यांनाच जरा हसू आलं. "कुठे होतं ते प्यादं?"

"हे-सातवर."

"म्हणजे बाकी सगळं गोत आठवलं आणि यजमानांनाच विसरलात?"

घड्याळजींनी पिशवीतून पट काढून मांडीवर घेतला, मोहरे लावले, आणि कडेच्या भोकात एक काळं प्यादं बसवलं. त्यांची बोटं राजावरून घोड्यावर, घोड्यावरून त्या प्याद्यावर गेली. मग थांबली.

"हां," ते हळूच म्हणाले. "राजा सासू-आठवर. काळ्या राजाला हलता येत नाही. पण आता डाव बरोबरीत नाही, कारण त्याच्याकडे एक खेळी आहे. तीच त्याचा घात करते! प्यादं हलवावंच लागतं. घोडा दीर-पाच. पुन्हा प्यादं. घोडा सासू-सात." त्यांनी घोडा भोकात दाबून बसवला. "शह आणि मात."

फोनबाईंनी घाईघाईने मागची पानं उलटून उत्तर काढलं. तंतोतंत तेच होतं.

"एक मिनिटसुद्धा लागलं नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"लागेल कसं? अकरा दिवस त्या खोलीत राहिलोय मी. कुठला दरवाजा बंद आहे ते पाठ झालं होतं. एकच उघडायचा होता."

पत्राचा कागद फोनबाईंनी चुरगळून टाकला. घरी जाऊन यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी या वेळी पेन्सिल तोंडातून काढली.

"म्हणजे मी नसलो की डाव बरोबरीत सुटतो आणि असलो की हार होते?"

"काळ्याची. पांढऱ्याला तुमच्यामुळे जिंकता येतं."

"मग आपण पांढरे," यजमान म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडं ठेवायला लाकडी चौकट करून दिली. दोन्ही बाजूंना पितळी चिमटे, अंगठ्याची गरजच नाही. फोनबाईंनीही नियम केला: आकृती वाचून झाली की शेवटी मोजणी सांगायची. 'पांढरे तीन, काळे तीन.' सत्तेचाळीसची आकृती त्यांनी नव्याने वाचली. जुनी पुसून टाकूया म्हटल्यावर घड्याळजींनी साफ नकार दिला. "राहू द्या. तिच्या शेवटी म्हणा, 'पांढरा जिंकत नाही. का?' चांगला सराव आहे तो."

दुसरा भाग सात महिन्यांत पूर्ण झाला. त्या रेकॉर्डिंगच्या प्रती आणखी दोन वाचनालयांनी मागवून घेतल्या. एका दुपारी फोनबाईंच्या घरचा फोन वाजला. पलीकडे एक अनोळखी तरुणी, नंबर वाचनालयातून मिळवलेला. तिलाही दिसत नव्हतं, ती वडिलांकडून खेळ शिकली होती. तिचा आवाज जरा बिचकत होता.

"बाई, एक शंका होती. जावई-सहावरचा उंट... तो घेता येत असूनही काळा तो का घेत नाही?"

फोनबाईंनी खुर्ची ओढली, डोळे मिटले, पट डोळ्यांसमोर आणला. "थांब हं, सांगते," त्या म्हणाल्या. वीस मिनिटं बोलल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण पुस्तकातलं वाक्य सांगितलं नाही, स्वतःच्या मनाने उत्तर दिलं. पुस्तक उघडून पाहिलं. बरोबर होतं. त्या दिवशी त्यांनी यजमानांना दोनदा चहा केला.

आता शुक्रवारी वाचन झालं की त्या आणि घड्याळजी एक डाव खेळतात, खिडकीशी, जिथे उन्हाने पट कोमट होतो. पहिला डाव फोनबाई चौदा खेळींत हरल्या. दुसरा एकवीस. मग हरण्याला थोडा उशीर लागू लागला. कधी पंचेचाळिसावी खेळी, कधी साठावी. घड्याळजी मोहऱ्यावर हात ठेवून विचार करतात तेव्हा त्या चुळबुळ न करता बसतात. हे त्यांना तेहतीस वर्षांत बोर्डावर कधी जमलं नव्हतं.

मागच्या शुक्रवारी दोघांकडे राजा आणि एकेक प्यादं उरलं. घड्याळजींनी पटावरून दोनदा हात फिरवला, श्वास सोडला आणि म्हणाले, "बरोबरी."

"मला दया म्हणून देताय?"

"दया? बाई, मी मागची दहा मिनिटं जिंकायचा जीव तोडून प्रयत्न करतोय."

त्यांनी हात पुढे केला. तो जरा डावीकडे गेला. फोनबाईंनी तो मध्येच पकडला आणि जोरात हलवला, इतका की दोन प्यादी भोकातून निसटून जमिनीवर पडली. दोघंही खाली वाकून ती शोधू लागले. घड्याळजींना आधी सापडली.

"घ्या," ते म्हणाले. "मांडा पुन्हा. या वेळी पांढरे तुमचे."