तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव अंगठीनं लिहायला घेतलं, की माझं डोकं अजूनही फिरतं. काही वर्षांपूर्वी मी आमच्या घराण्याची माहिती गोळा करत होते. आजीच्या निधनाच्या बातमीचं कात्रण पर्समध्ये घालून, भर उन्हात जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तिच्या जन्माची नोंद शोधायला गंगापूरच्या तहसील कचेरीत गेले. कात्रणात आजी तीन मुलांची मातोश्री होती आणि नाव सासरचं होतं. जुन्या नोंदींच्या खोलीत वाळवी नि डांबरगोळ्यांचा वास कोंडला होता. तिथला कारकून म्हणाला, "ताई, जन्माची नोंद पायजे तर माहेरचं नाव सांगा." मी तशीच थोरल्या काकांकडं गेले. ते ओट्यावर ऊस सोलत बसले होते. त्यांनी घराण्यातले सात पिढ्यांचे पुरुष एका दमात म्हणून दाखवले आणि वर हौसेनं जुन्या बैलांचीही नावं सांगितली. "आणि तुमच्या आईचं माहेरचं नाव?" मी विचारलं. "ते कुठं ध्यानात ऱ्हातं? लग्नातच बदललं की ते," असं म्हणून त्यांनी उसाचा चोथा थुंकला. "बैलांची बरी राहिली ध्यानात!" मी ओरडलेच. काका शांतपणे म्हणाले, "बैल घरचे व्हते, पोरी." परवा माझ्या लेकीच्या लग्नात ते तांदळाचं ताट पुढं आलं. जावयानं अंगठी हातात घ्यायच्या आत मी ताट उचललं, तडक आचाऱ्याकडं गेले आणि म्हटलं, "हे भातात टाका."