मिस्त्री आणि पाण्याचं इंजिन

मिस्त्री बसायचे नाहीत. चहा उभ्याने, जेवणही उभ्याने. ताटली हातात घेऊन दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या. मी म्हणायचे, "अहो, दोन घास तरी टेकून खा." तर म्हणायचे, "बसलो की गंजेन." लग्नातसुद्धा मुंडावळ्यांसकट पाटावरून उठले, मांडवातला जनरेटर बंद पडला म्हणून. काळ्या बोटांनीच मंगळसूत्र घातलं. नवरा माझा, पण नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. सगळे म्हणायचे तसं मीही मिस्त्रीच म्हणायचे.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये बराकीच्या एका खोलीत संसार केला. नळ अर्धा तास यायचा, तोही गल्लीच्या टोकाला. पोटुशी असताना हंडे उचलले, त्यात एक पोर गेलं. चौथ्या दिवशी परत रांगेत उभी राहिले. पाणी तर लागतंच ना. मिस्त्रींनी कुठून तरी लांबलचक पाइप आणला आणि नळापासून पिंपापर्यंत टाकला. "आता हंडा उचलायचा नाही," एवढंच म्हणाले. त्या पाइपात हवा अडकायची. मग मी टोक उंच धरायचे. फुसफुस थांबली की पाणी धो धो.

पुढे बदलापूरला, बेलवलीत आलो. मिस्त्रींनी तिथं गॅरेज टाकलं. वय झालं, छातीत दुखायला लागलं, तरी हातातला पान्हा सुटेना. शेवटी दिनेश, आमचा मुलगा, तोंडावर बोलला, "बाबा, शेठची बग्गी आलीय ना कामाला, ती शेवटची परीक्षा. झाली तर मी गप्प. नाही झाली तर शटर खाली, घरी बसायचं."

'बसायचं' म्हटल्यावर मिस्त्रींचा चेहरा उतरला. मरणाला घाबरले नाहीत एवढे त्या शब्दाला घाबरले.

शेठ सिंधी, कॅम्पातल्या दिवसांपासून ओळखीचा. त्याची वाळूत पळवायची बग्गी होती. छप्पर नाही, दार नाही, नुसते लोखंडी पाइप आणि जाडजूड टायर. मी म्हटलं, "ही तर चाकं लावलेली बाज!" तिचं मागचं इंजिन जुनं, वाऱ्यानेच थंड होणारं. त्याचे पार्ट मिळेनात. शेठने नव्या गाडीचं पाण्यावरचं इंजिन आणून टाकलं. "मिस्त्री, बस बिठा दो. तुम्हारे हाथ का भरोसा है."

जुन्या गिअरबॉक्सला नवं इंजिन जुळेना. अंबरनाथला जाऊन लेथवर मधली जाड प्लेट करून आणली, तीही दोनदा. मागे जागा नाही म्हणून रेडिएटर पुढे बसवला. पाणी फिरायला खालून दोन लांब पाइप नेले. इंजिन चालू झालं, गल्ली हादरली. आणि दहा मिनिटांत उष्णतेचा काटा लालवर.

पंप बदलला, पंखा बदलला. तेच. सहा दिवस मिस्त्री बग्गीभोवती फिरत होते, माझ्या हातचा घास उभ्यानेही घेईनात. दिनेश नुसता शटरकडे बघायचा.

सातव्या दिवशी मी चहा घेऊन गेले. मिस्त्री चिडून म्हणाले, "हात लावून बघ! इंजिन उकळतंय आणि रेडिएटर बर्फासारखा गार. पाणी पुढे येतच नाही."

मी हात लावला. खरंच गार.

"अहो, हवा अडकली असेल. आपल्या कॅम्पातल्या पाइपासारखी. तोंड उंच करा."

मिस्त्रींचा जन्म गेला रिक्षा-स्कूटरच्या वाऱ्यावरच्या इंजिनांवर, पाण्याची सवयच नाही. इंजिन निवू दिलं, पुढून जॅक लावून बग्गी उचलली, रेडिएटरचं वरचं झाकण काढलं आणि तिथूनच पाणी ओतत राहिले. फुस्स फुस्स करत हवा निघाली. परत चालू केली. थोड्या वेळाने माझा हात धरून पुढच्या पाइपवर ठेवला. गरम!

"दिनेश," मिस्त्री ओरडले, "तुझ्या आईला विचार, शटर खाली करायचं का?"

दिनेश हसला. "आई मालकीण झाली, आता मी काय बोलणार!"

दीड वर्ष गॅरेज चाललं. मग एका सकाळी चहा पिता पिता मिस्त्री उंबऱ्यावर बसले. बसले, तेव्हाच मी समजले.

तेराव्याला शेठ बग्गी घेऊनच आला. मी खाली वाकून पुढच्या पाइपला हात लावला. गरम होता. शेठने खुर्ची पुढे केली. "माई, बैठो ना."

मी म्हटलं, "नको शेठ. उभीच बरी."