शेवटच्या पाच मिनिटांचे वारलूभाऊ

पिपरटोल्यात वारलूभाऊंना आजही ‘खैरमाळवाला’ म्हणतात. खैरमाळ नदीपलीकडे आहे. गच्चीवर चढलं तर तिथल्या ताडांची टोकं दिसतात. वारलूभाऊंची बायको पिपरटोल्याची, दोन्ही मुलींची लग्नं पिपरटोल्यातून झाली, तलावाच्या मासेमारीत त्यांचा वाटा आहे. त्यांना इथे आणायचं ज्यांनी ठरवलं, त्यांतले दादाजी एकटेच आता उरले आहेत. तरी अनोळखी कुणी विचारलं की गाव सांगतं, ‘ते होय? ते खैरमाळवाले.’ वारलूभाऊ ऐकतात. जाळ्याची गाठ सोडवताना मान खाली असते, तशीच मान खाली ठेवून ऐकतात.

ते इथे आले ते कबड्डीमुळे.

आमच्या भागात धान कापून झालं, मळणी उरकली की कबड्डीचे सामने लागत. होळी आली की संपत. तेव्हा मॅट नव्हती. धानाच्या बांधीतली ढेकळं फोडून, पाणी मारून, शेणाने सारवून मैदान करत. चुन्याची रेघ पहिल्याच चढाईत पुसली जायची, मग रेघ कुठे होती यावर भांडण. बाया बैलबंड्यांवर बसून पाहायच्या. बैल सोडलेले असायचे, पण आरडाओरडा झाला की तेही मान वर करायचे. नदीकाठच्या गावांचा एक नियम होता. गावाच्या संघात गावचाच माणूस पाहिजे, आणि गावचा म्हणजे जो हंगामभर त्या गावात जेवतो, निजतो तो. जन्म कुठे झाला हे कोणी विचारत नसे.

त्या वर्षी आमच्याकडे कोलू होता. वय असेल एकोणीस-वीस. चढाईला निघाला की पलीकडची फळी आपोआप मागे सरकायची. अर्धा सामना होईपर्यंत आम्ही जिंकलेले असायचो आणि शेवटच्या पाच मिनिटांत हरायचो. दम संपलेला असायचा, आणि मागे उभं राहून थंड डोक्याने पकड करणारा कोणी नव्हता. नदीपलीकडे नेमकं उलटं. खैरमाळच्या फळीच्या कोपऱ्यात वारलू उभा असायचा, तिशीतला, रुंद पायांचा. सामनाभर तो आहे की नाही हे कळत नसे. शेवट आला की कळायचं. पण त्यांच्याकडे चढाई करणारा नव्हता.

अर्धा हंगाम संपला होता. मारुतीच्या पारावर आठवडाभर एकच विषय चालला. कोलूला देऊन वारलूला आणायचं का?

“पोट्टा आज ना उद्या मोठा खेळाडू होईन,” एक जण म्हणे.

“उद्याचं धान आज शिजते का?” हे दादाजी. तेव्हा त्यांना नुकती मिशी फुटली होती, आणि आवाज मात्र पंचाचा.

“अन वारल्याले काय, दोन वर्सांत म्हातारा होईन.”

“आपल्याले दोन वर्सं कायले पाह्यजे? मार्कंड्याच्या जत्रेपावतर टिकला म्हंजे झालं.”

शेवटी साटंलोटं करतात तसं ठरलं. तुमची आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. फरक एवढाच की हे होळीपुरतं. होळीला ज्याने त्याने आपला माणूस येऊन घेऊन जायचा. तेव्हा पूल नव्हता. एकाच सकाळी दोन्ही काठांवरून दोन नावा सुटल्या आणि वैनगंगेच्या मधोमध एकमेकींजवळून गेल्या. दादाजी सांगतात, कोलू उभा राहून सगळ्यांना हात करत होता. वारलू वळकटीवर बसून पाण्यात पाहत होता.

त्याची उतरायची सोय तलावापाशी मासे धरणाऱ्या एका ढिवराच्या घरी केली. त्या घरात देवकाबाई होत्या. तेव्हा नुसतीच देवका.

मार्कंड्याच्या जत्रेतली बक्षिसाची ढाल आम्हीच जिंकली. एक गुण पुढे होतो आणि समोरून शेवटची चढाई आली. वारलू हलला नाही. चढाई करणारा वळला, पाऊल उचलायच्या आधी त्याच्या घोट्यात जी बारीक थरथर होते ती व्हायच्या आतच वारलूची बोटं तिथे होती. पुढे कोणी विचारलं तर ते म्हणत, “चिखलात हात घालून मरळ धरा. शेपटी हलल्यावर धरसान त गेली. हलन असं वाटलं का धरायची.” ढाल वाजतगाजत आणली. ती अजून शाळेच्या कपाटात आहे, तिच्यावरची पितळी पट्टी काळी पडली आहे.

मग होळी आली. वारलूने वळकटी बांधली आणि घाटावर जाऊन बसला. दुपार कलली. पलीकडून नाव आली, तिच्यात बाजारहाट करून आलेल्या बाया होत्या. दुसरी आली, तिच्यात बकऱ्या होत्या. खैरमाळला त्यांचा चढाईवाला मिळाला होता, वारलूला परत न्यायचं म्हणजे कोलूला परत द्यायचं. म्हणून कोणी आलं नाही. आमच्याकडून कोलूला आणायला दोघे गेले होते. ते हात हलवत परतले. कोलूला एका शिक्षकाने जिल्ह्याच्या निवडीला नेलं होतं. गाव चिडलं, आणि त्या चिडीत घाटावर बसलेल्या माणसाची आठवण कोणालाच राहिली नाही. थांब म्हणून कोणी सांगितलं नाही, जा म्हणूनही नाही. दिवस मावळताना देवकाचा बाप खाली उतरला आणि म्हणाला, “उद्या तलावात जाळ्याची वढ टाकाची हाये. एक मानूस कमी हाये.” वारलूने वळकटी उचलली.

पुढे कोलू पोलिसात लागला, राज्याकडून खेळला. पेपरात फोटो यायचा. दर फोटोमागे पारावर तोच हिशेब व्हायचा. एका ढालीपायी असा पोट्टा घालवला! आणि मग सगळ्यांची नजर हळूच वारलूभाऊंकडे वळायची. ही नजर लग्नाच्या पंगतीत असायची, तेरवीच्या जेवणात असायची. देवकाबाईंनाच ते सोसायचं नाही. भर पंगतीत वाढताना त्या म्हणत, “कोलू कोलू करता. तलावाची पाळ फुटली होती तवा कोलू आल्ता का माती टाकाले?” लोक हसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वारलूभाऊंना काय हवं होतं ते त्यांनी कधी म्हटलं नाही. पण एवढी वर्षं शेजारी राहिलं की न म्हटलेलंही दिसतं. आपल्याला आणून गावाचा तोटा झाला नाही, एवढं कोणीतरी एकदा म्हणावं. निदान ‘खैरमाळवाला’ म्हणणं तरी सोडावं.

या हिवाळ्यात पुन्हा तेच दिवस आले. पारावर आता कोणी बसत नाही, सगळे निकेशच्या पानठेल्यावर असतात. मोबाइलवर सामन्याचे तुकडे पाहतात, थांबवून थांबवून भांडतात. आमच्या संघात अमर आहे. तसाच, कोलूच्या वयाचा. आणि तशीच शेवटची पाच मिनिटं आमच्या हातून निसटतात. खैरमाळकडे आदेश नावाचा गडी आहे, ट्रॅक्टर चालवतो, कोपऱ्यात उभा राहतो.

संघाचा कप्तान धम्मदीप. त्यानेच विषय काढला. “अमरले द्याचं, आदेशले आनायचं. होळीपावतर.”

“होळीपावतर!” दादाजी म्हणाले. “मागची होळी अजून आली नाई, बाबू.”

निकेश सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता, त्याचा हात हसण्याने हलला. वारलूभाऊ बाकाच्या टोकाला होते.

“दादाजी, तुमाले जुनं सोडून काई दिसते का? या साली फायनल मारली नाई त पुढच्या साली पोट्टे पुन्याले कंपनीत निघून जातीन. संघच नाई राह्यत.”

“अन अमर तिकडंच राह्यला त?”

“काऊन राहीन? माय इथी हाये त्याची.”

“कोलूची माय कुठी होती? चंद्रावर?”

बराच वेळ असं चाललं. मग धम्मदीप वळला. “वारलूभाऊ, तुमीच सांगा आता. द्याचं का नाई?”

या माणसाला हा प्रश्न विचारायचा म्हणजे काय विचारायचं, हे विचारून झाल्यावर धम्मदीपच्या लक्षात आलं. तो खाली पाहू लागला.

वारलूभाऊ म्हणाले, “द्याचं असन त द्या. पन अमरले आनाले कोन जाईन ते आज ठरवा.”

“आनू नं जी. त्यात काय हाये.”

“नाव सांगा.”

कोणी नाव सांगेना. दादाजींना ते टोचलं. ते जरा मोठ्यानेच म्हणाले, “म्हंजे त्या बारीनं आमी चुकलो, असं म्हनतं का तू?”

“तुमी चुकले असान, भाऊ. मी नाई चुकलो.”

पहिल्यांदाच आम्ही त्यांचा एवढा सरळ आवाज ऐकला. दादाजींनी खर्ऱ्याची पुडी उघडली, बंद केली. “मंग तूच जा. तुले रस्ता ठाऊक हाये.”

“जातो.”

त्या संध्याकाळी देवकाबाईंनी त्यांना घरात घेण्याआधी दारातच विचारलं, “खैरमाळले पाठवून राह्यले म्हने तुमाले? अन तुमी तिकडंच राह्यले त मी कोनाले पाठवू घ्याले?”

“दादाजीले.”

“तो काय आनते! तो तिथी बसून दुसराच सौदा करन.”

अमर गेला, आदेश आला. आदेशने मन लावून खेळ केला. आम्ही फायनलपर्यंत गेलो आणि एका गुणाने हरलो, तेही भलत्याच गावाकडून. होळीच्या आदल्या दिवशी आदेश सगळ्यांच्या पाया पडून, स्वतःच मोटारसायकलवर बसून निघून गेला. आता पूल झाला आहे, कोणाला कोणाची वाट पाहावी लागत नाही.

तरी होळीच्या दिवशी सकाळी वारलूभाऊ धुतलेलं धोतर नेसून पानठेल्यावर आले. निकेशने गाडी काढली. पुढचं सगळं निकेशनेच सांगितलं.

खैरमाळच्या मैदानावर मॅट पसरलेली होती. एक शिक्षक पोरांचा सराव घेत होता. अमरने यांना पाहिलं आणि तो सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. वारलूभाऊ झाडाखाली बसून राहिले. सराव संपला. पोरगा आला, पण बसेना.

“आजा, मले नोका नेऊ.”

“काऊन?”

“सर नागपूरले निवड चाचणीले नेऊन राह्यले. इथी राह्यलो तरच नेतीन. गावी आलो त धम्मदीपदादा सोडन का मले?”

वारलूभाऊंनी मान नदीच्या बाजूला वळवली. निकेश म्हणतो, मला वाटलं आता थोबाडीत देतील.

“मी घ्याले आलो होतो,” ते म्हणाले. “दिसलो का तुले?”

“हाव.”

“मंग कधी कोनाले असं म्हनू नोको, का घ्याले कोनी आलं नाई.”

“नाई म्हननार, आजा.”

“मायले फोन लाव. माह्या समोर.”

फोनवर माय आधी शिव्या देत होती, मग रडली, मग म्हणाली, गरम कपडे नेले का. फोन ठेवल्यावर वारलूभाऊंनी अमरला पाय पुढे करायला सांगितला. त्याच्या घोट्यावर दोन बोटं ठेवली. “पलटतानी हा पाय मांगं लोंबते. माह्यासारखा एखादा असला त घेऊन जाईन. झाकत जा.”

निघताना त्यांच्या वयाचा एक माणूस काठी टेकत आला, लहानपणचा सोबती. “वारल्या, होळी करून जाय नं. इथलाच त हायेस तू.”

“नाई जमत, बावा. तिकडं लोकं वाट पाहून राह्यले असतीन.”

“कायची?”

“मले शिव्या द्याची.”

निकेश सांगतो, पुलावर गाडी आली तेव्हा ते म्हणाले, जरा थांबव. खाली उतरले. जिथून दोन नावा गेल्या असतील तिथे आता वाळू होती, दोन-चार बगळे फिरत होते. थोडं पाहिलं आणि म्हणाले, चल.

पानठेल्यावर गर्दी होती. होळीची लाकडं गोळा करणारी पोरंही थांबली होती. गाडीवर दोघेच दिसले.

“पोट्टा कुठी हाये?” दादाजी उठून उभे राहिले.

“तिकडंच हाये.”

“तिकडंच म्हंजे?”

“नागपूरले जाऊन राह्यला. मी राहू देला.”

सगळे एकदमच बोलू लागले. धम्मदीपने डोक्याला हात लावला. अमरची माय रस्त्यापलीकडून ओरडून सांगत होती की मला सगळं ठाऊक आहे, तुम्ही नका मधे पडू. पण दादाजींचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

“कोलूच्या बारीनं खैरमाळवाल्यायनं फसवलं, ते समजते! दुश्मन होते. या बारीनं त आपल्याच मानसानं बुडवलं! घरचाच मानूस, अन पोट्टा हातानं देऊन आला! आता कोनाच्या दारात जाऊन भांडू मी? सांगा नं! कोनाले शिव्या देऊ?”

देवकाबाई पदर खोचून घरातून निघाल्या होत्या भांडायला. अर्ध्या रस्त्यात त्या थांबल्या. तिथेच उभ्या राहून ऐकत राहिल्या, आणि परत आत गेल्या.

वारलूभाऊंनी डोक्याचा दुपट्टा काढून तोंड पुसलं. बाकावर जरा सरकून जागा केली. दादाजी बसले, शिव्या देतच बसले, आणि निकेशने विचारलं नाही तरी म्हणाले, “घोट दोन खर्रे. एक याच्यासाठी.”